कोर्टाची ऑर्डर असूनही नवरा परत मारतोय? मग हे करा

प्रोटेक्शन ऑर्डर हातात आहे तरी हा पिऊन दारात येतो, हात उचलतो, तर 'आम्ही समजावतो त्याला' म्हणणाऱ्या दीर-मामांच्या नादी लागू नका, सरळ 112 लावा. नाशकात सिडकोत राहा नाहीतर पंचवटीत, सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन वळ, सूज सगळं केसपेपरवर लिहून घ्या, बाथरूममध्ये पडले असं चुकूनही सांगायचं नाही. मग ऑर्डरची कॉपी घेऊन पोलीस स्टेशन. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 31 म्हणा, ऑर्डर मोडली की 1 वर्षापर्यंत जेल किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. जुन्या मारहाणीच्या तारखाही लिहून द्या, त्यावर बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम 85 लागू शकतं, तिथे 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.