कालप्रवासाची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा, आणि आधी कोयनेचं पाणी काढा

साताऱ्यात बसून गेली बारा वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचते. जेठ सरला की कथा यायला लागतात. पूर्वी पाकिटं यायची, आता बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतात. त्यात दरवर्षी सात-आठ कथा एकाच वळणाच्या असतात. आजच्या काळातली मुलगी गड चढते, पाय घसरतो, शुद्धीवर येते तर शिवकाळ, आणि समोर घोड्यावर तरणाबांड शिलेदार.

हा प्रकार मला मनापासून आवडतो. साडेतीनशे वर्षांचं अंतर मध्ये असताना दोन माणसांचा एकमेकांवर जीव जडतो, याहून मोठा अडथळा प्रेमकथेला कुठून मिळणार? म्हणूनच तो अडथळा कुणी फुकट घालवला की मला त्रास होतो. आणि बहुतेकजण तो फुकटच घालवतात, कारण त्यांनी काळाला अडवूच दिलेलं नसतं.

आजचा नकाशा तसाच्या तसा मागे नेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि माझी सगळ्यात जुनी तक्रार.

चार वर्षांपूर्वी कराडकडच्या एका मुलीची कथा आली. भाषा सुरेख, हात लिहिता. 1674 सालचा जेठ महिना. नायक नायिकेला घेऊन वासोट्याच्या किल्ल्याला निघालाय. बामणोलीला येतात, तो नाव सोडतो, चांदण्यात शिवसागर पार करतात, आणि मधोमध पाण्यावर तो पहिल्यांदा तिचा हात धरतो. प्रसंग इतका छान लिहिला होता की वाचताना मी क्षणभर विसरलेच. मग कागद खाली ठेवला.

शिवसागर हा कोयना धरणाचा जलाशय आहे. धरण पुरं झालं 1964 साली. नावात 'शिव' आहे म्हणून ते पाणी शिवकाळातलं होत नाही. 1674 मध्ये तिथं कोयना नदी होती, दोन्ही काठांना भातखाचरं होती, गावं होती. त्यातलं एक गाव माझं आजोळ. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. बामणोलीहून लाँचमध्ये बसली की ती कुणाशी बोलत नाही. एका ठरावीक जागी हात पाण्याकडे करते आणि सांगते, "इथं आमचं खळं होतं." दर वेळी तेवढंच वाक्य. त्या पाण्यावर कुणी शिवकाळातली नाव घातली की मला ती आमच्या खळ्यावरून गेल्यासारखी वाटते.

मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मग नाव काढून टाकते आणि ते चालत गेले असं लिहिते." मी म्हटलं, असं एका वाक्यात नको. साताऱ्याहून यवतेश्वराचा चढ, तिथून कासच्या पठारावरून बामणोलीकडे उतार, मग नदी, आणि नदीपलीकडे वासोट्याचं दाट रान. बायामाणसाला घेऊन पायी निघालं तर दोन दिवस धर. मृग लागलेला आहे. पाऊस एकदा बसला की कोयनेला उतार मिळत नाही, पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावं लागेल. थांबणार कुठे? कुणाच्या पडवीत? त्या घरची म्हातारी दोघांना काय विचारेल?

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा कथा पाठवली. नावेतला हात गेला होता. त्या जागी पडवीतले तीन दिवस आले होते. नायिकेच्या पायाला जळवा लागल्यात, आणि नायक लांब उभा राहून म्हातारीला सांगतोय की त्यावर मीठ चोळा. तो स्वतः पायाला हात लावत नाही, कारण लावू शकत नाही. आधीच्या चांदण्यापेक्षा त्या लांब उभं राहण्यात कितीतरी जास्त प्रेम होतं. "आधी प्रेमाचे प्रसंग लिहून घेते, इतिहास मागाहून भरते," असं मला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देते. मागाहून भरता येत नाही. जमीन बदलली की प्रेमही वेगळं होतं.

माझी स्वतःची सवय साधी आहे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय आणि कथा वाचताना दार उघडं ठेवते. त्यावर लिहिलंय: कोयना धरण 1964. महाबळेश्वरचं थंड हवेचं ठिकाण 1828 नंतर. सातारचा किल्ला महाराजांकडे 1673 मध्ये, अजिंक्यतारा हे नाव त्यानंतरचं. सातारा शहर शाहू महाराजांनी वसवलेलं, त्यांचा राज्याभिषेक 1708. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. या शेवटच्या ओळीने आजवर तीन कथा परत गेल्या आहेत. विहिरीत उतरून शिवकाळात निघणं कल्पना म्हणून फार मोहाचं आहे, ते दगडी जिने तसेच आहेत. पण नायिका 1674 मध्ये वर येणार असेल, तर ती विहीर अजून खणलेलीच नाही. तिला शाहू महाराजांच्या काळात पाठवा, काही बिघडत नाही. उलट तो काळ कुणी लिहीत नाही.

कागदावर नसलेल्या गोष्टींसाठी 1885 चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर काढते. ते इंग्रजी अमदानीतलं आहे, पण रस्ते, घाट, पिकं, झाडं कुठली होती याचा अंदाज येतो. तासभर लागतो. ज्यांना तासभर काढायचा नाही त्यांनी आजच्या काळातली प्रेमकथा लिहावी, तीही चांगली असते.

झाडं आणि ताट

गुलमोहर. साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन साजरा होतो म्हणून हे झाड आपल्याला घरचं वाटतं. ते मूळचं मादागास्करचं आहे. शिवकाळातल्या नायकाला त्याखाली उभं करू नका. पळस आहे, पांगारा आहे, सावर आहे, लालच हवा असेल तर.

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, चहा: काढून टाका. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा सतराव्या शतकात ती कुठेकुठे चालेल. पण कथा देवगिरीच्या यादवांच्या वेळची असेल, तर तिखट म्हणजे मिरी.

कासची फुलं भाद्रपद-आश्विनात. वैशाखात तिथं वाळलेलं गवत असतं.

तिला कुणी काहीच विचारत नाही

ही माझी दुसरी मोठी तक्रार. नायिका जीन्समध्ये, कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही, वय सत्तावीस, एकटी. संध्याकाळी गडाच्या दरवाजाशी उभी राहते, "मी भविष्यातून आले" म्हणते, आणि आत घेतात. मग दुसऱ्या पानावर नायक तिच्या डोळ्यांत हरवतो.

गडाचे दरवाजे सांज झाली की बंद होत. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी मुद्दाम वेगवेगळे नेमलेले, की एकाच्या मनात पाप आलं तरी गड हातचा जाऊ नये. अशा ठिकाणी अनोळखी बाई रात्री आली तर ती आधी हेर ठरेल. गावात आली तरी पहिला प्रश्न तोच, जो आजही खेड्यात एसटीतून उतरलं की कुणीतरी विचारतंच: "कुण्या गावची गं? कुणाची लेक?" तिच्याकडे गाव नाही. कूळ नाही. मोकळ्या कपाळाची, त्या वयाची बाई म्हटल्यावर लोक तिला विधवा समजतील. त्या समजुतीने तिला कुठे झोपू देतील, काय खायला देतील, कुणाशी बोलू देतील हे सगळं ठरेल. आणि तिच्याकडे पाहणाऱ्या तरुणाचं काय होईल, तेही.

मी काय करते सांगते. कथा बरी वाटली की लेखकाला फोन लावते आणि हवालदार होऊन पाच प्रश्न विचारते. कुठली? सोबत कोण? कुठल्या वाटेने आलीस? ही वस्त्रं कुठली? इथं तुला ओळखणारं कोण? उत्तरं अडखळत आली की सांगते, आधी तिचं खोटं लिही. एक पानभर, फक्त तिने रचलेलं खोटं. कुठल्या गावाचं नाव घेतलं, का घेतलं, कुठे फसू शकते. प्रेमाला खरी सुरुवात तिथे होते, कारण कधीतरी नायकाला ते खोटं कळणार आहे, आणि कळूनही तो चारचौघांत गप्प राहणार आहे.

नायकाबद्दलही एक. तो दर वेळी शिलेदार किंवा सरदारपुत्रच का? बारगीर चालेल, ज्याच्या बुडाखालचा घोडाही सरकारचा असतो. जासूद, लोहार, सबनिसाच्या हाताखालचा कारकून चालेल. कारकून तर प्रेमकथेला फार चांगला, त्याला लिहिता येतं.

भाषा

"प्रिये, मी तुझ्यावर प्रेम करतो." हे वाक्य सतराव्या शतकातला मावळा बोलणार नाही. जीव लागला म्हणेल, जीव जडला म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही.

दुसरं, शिवकाळ म्हणजे शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी असा समज आहे. उलट आहे. कारभाराच्या मराठीत फारसी शब्द इतके होते की महाराजांनी रघुनाथपंतांकडून त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. खबर, अर्ज, मर्जी, जखम, हुजूर हे शब्द त्या माणसाच्या जिभेवर असतील. पण हेच शब्द ज्ञानेश्वरीच्या काळातल्या, म्हणजे शके 1212 च्या आसपासच्या नायकाच्या तोंडी घातले की खटकतात. तिथं 'पसंत' नाही आणि 'खुशाल'ही नाही.

पत्र असेल तर ते मोडीत असणार. आधी आडवी रेघ ओढून मग हात न उचलता लिहिलेलं, शब्दांमध्ये जागा न सोडता. आजच्या मुलीला ते वाचता येणार नाही. बहुतेकजण ही अडचण टाळतात, मला ती सोनं वाटते. नायकाने लिहिलेलं पत्र तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' असेल. हा पत्रांचा नेहमीचा रिवाज आहे, वाचणारा माणूस तो भरभर म्हणून टाकेल. तिला मात्र त्यातला 'लोभ' ऐकू येईल, आणि रिवाज कुठे संपतो आणि तो स्वतः कुठे सुरू होतो, हे तिला कधीच नक्की कळणार नाही.

उजेड

एकदा करून बघा. रात्री घरातले सगळे दिवे घालवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि करडईच्या तेलाची एक वात लावा. मी स्वयंपाकघरात बसून हे केलं, समोर माझी भाची होती. दोन हातांवरून तिचा एक गाल दिसत होता आणि नाकाची कड. डोळ्यांचा रंग दिसत नाही. वात हलली की चेहरा बदलतो. भाचीने काहीतरी सांगितलं तेव्हा ती हसतेय की नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. त्या रात्रीनंतर 'मशालीच्या लख्ख प्रकाशात तिने त्याचे तपकिरी डोळे पाहिले' असलं वाक्य मी एकाही कथेत राहू दिलेलं नाही.

तारखा

राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली आहे. आजच्या कॅलेंडराने तो दिवस 16 जूनला येतो. म्हणजे 'त्याच तारखेला दार उघडतं' अशी तुमची कल्पना असेल, तर दहा दिवसांनी चुकाल. तिथी धरा: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. आकाशातला चंद्र तेव्हाही तेवढाच होता, आणि नायिकेला तारीख कळायला दुसरं साधन नाही. कागदपत्रांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली वेगळी वर्षगणना असते, तीही अरबी अंकांच्या नावांनी. ते वर्ष 'खमस सबैन अलफ', 1075. नायिकेने कागदावर हे वाचून घेतलं तरी तिला काय कळणार? ते न कळणं कथेत ठेवा.

'पाच मिनिटांत येतो' नको. घटका आहे, चोवीस मिनिटांची. प्रहर आहे, तीन तासांचा.

घोडा दिवसभर दौडत नाही. त्याला पाणी लागतं, दाणा लागतो, आणि घाटात उतरून चालावं लागतं.

परत येणं

शेवट बहुतेकांचा घाईत होतो. नायिका डोळे उघडते, हॉस्पिटल, आई रडतेय, आणि हातात त्याची अंगठी. किंवा समोर डॉक्टर, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा. हा दुसरा शेवट तर मला सहन होत नाही. जो माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी मेला त्याचं मरण तुम्ही दोन ओळींत काढून घेता, आणि मग आधीच्या साठ पानांचं काय राहतं?

कराडकडच्या त्या मुलीने शेवट तीनदा लिहिला. तिसऱ्यांदा मी काहीच सुचवलं नव्हतं. नायिका परत आली आहे, वर्ष उलटलं आहे, आणि ती वासोट्याला जायला बामणोलीत लाँचमध्ये बसली आहे. कॉलेजची पोरं सेल्फी काढतायत, इंजिनाचा आवाज आहे. ती समोरच्या डोंगराची सोंड बघते, नंतर नदीचा जुना उतार कुठे असेल ते मनात धरते, तिथून पडवीपर्यंतची पावलं मोजते. मग नाववाल्याला म्हणते, "दादा, इथं जरा इंजिन बंद करता?" तो विचारतो, इथं काय आहे? ती पाण्याकडे हात करते.

ती कथा मी आईला वाचून दाखवली.