समस्येतून विज्ञान शिकवताना या चुका टाळा

"माठातलं पाणी गार का होतं?" असं आठवीच्या वर्गात विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "बाष्पीभवन!" म्हणतो. "मग पावसाळ्यात तेवढं गार का होत नाही?" म्हटलं की माना खाली जातात. समस्येवर आधारित शिक्षण, म्हणजे आधी समस्या द्यायची आणि तिचं उत्तर शोधता शोधता विषय शिकायचा, खरं तर या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं.

मी अनेक वर्षं केलेली चूक म्हणजे ती शांतता सहन न होणं. अर्ध्या मिनिटात मीच हवेतल्या दमटपणाबद्दल सांगून टाकायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि अवघड प्रश्नाचं उत्तर सरांकडेच असतं, हे त्यांच्या मनात आणखी पक्कं व्हायचं.

"आता तुम्हीच शोधा" म्हणून बाजूला होणंही तितकंच वाईट. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सुरू झाली, तेव्हासुद्धा प्रत्येक छोट्या गटासोबत मार्गदर्शक बसायचा. तेरा वर्षांच्या मुलांना तर हाताशी काहीतरी हवंच. मी एक मडकं, तेवढंच पाणी घातलेलं स्टीलचं पातेलं, तापमापी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा देतो. (नवं मडकं आदल्या दिवशी भिजवून ठेवा.) एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता जाते, एवढंच सांगतो. त्या हिशेबाने एक लिटर पाणी एका अंशाने गार व्हायला दोन ग्रॅम पाण्याची वाफही पुरते. वजन मात्र त्याहून बरंच जास्त घटलेलं दिसतं. "सर, बाकीचं पाणी कुठे खर्ची पडलं?" हा प्रश्न मुलांचा स्वतःचा असतो. बाहेरची उष्णता सतत आत येत असते, इथपर्यंत ती आपापली पोचतात.

सगळ्यात जपायची वेळ म्हणजे प्रयोग "फसतो" तो दिवस. पाऊस पडतोय, खिडक्या बंद आहेत, मडक्यात आणि पातेल्यात जेमतेम फरक. "आज नको, उद्या करू" म्हणू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोरच आहे. एका तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा, दुसरी कोरडी ठेवा, आणि दोन्हींतला फरक आज आणि कोरड्या दिवशी टिपायला सांगा.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला जमेल' हा विश्वास सर्वाधिक येतो तो स्वतः काही जमवल्याच्या अनुभवातून. म्हणून नुसतं "हुशार आहेस" म्हणून भागत नाही. "तू वजन दोनदा केलंस, म्हणून चूक सापडली" असं नेमकं सांगा.

गटात बहुतेकदा तापमापी मुलांच्या हातात आणि नोंदवही मुलींकडे जाते. दर तासाला कामं बदला, अगदी आठवणीने.

आणि गुण फक्त शेवटच्या उत्तराला दिलेत, तर मुलं गाईड उघडणारच. प्रयोगाआधीचा अंदाज आणि त्यामागचं कारण यांनाही गुण ठेवा. चुकलेल्या अंदाजावर लाल फुली मारू नका, शेजारी मोजलेला आकडा लिहायला सांगा.