नव्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतूस अडकत असेल, तर कारण कसे शोधावे

नवे पिस्तूल पहिल्याच सरावात दोन-तीनदा अडकले, की बहुतेकांचा संशय थेट पिस्तुलावर जातो. तो कधी कधी खराही ठरतो. पण दोष मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे भरायच्या पेटीत, काडतुसात, वंगणात किंवा पिस्तूल धरणाऱ्या हातात असण्याची शक्यता त्याहून जास्त असते आणि या चारही गोष्टी खास अवजारे न लावता तपासता येतात. त्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि अडकलेले काडतूस काढण्यापूर्वी ते नेमके कोठे व कसे अडकले आहे, हे नीट पाहून घ्यावे.

तपासणी कशाची करायची, हे कळण्यासाठी आतील क्रम डोळ्यांसमोर असला पाहिजे. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतून, ओढून काढतो आणि इजेक्टर तिला बाहेर उडवतो. मग रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येणारी स्लाइड मॅगझिनच्या वरच्या, आत वळवलेल्या कडांमधून सर्वांत वरचे काडतूस सरकवते, त्याचे टोक फीड रॅम्पच्या उतारावरून वर चढते, काडतूस चेंबरमध्ये शिरते आणि त्याच वेळी त्याच्या बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते. हे सर्व निमिषार्धात घडत असल्याने स्लाइड थोडी जरी कमी मागे गेली किंवा काडतूस थोडे जरी उशिरा वर आले, तरी साखळी तुटते.

पिस्तूल अडकल्यावर बोट चापावरून काढून चौकटीच्या, म्हणजे स्लाइडखालच्या मुठीसह असलेल्या भागाच्या, कडेला सरळ ठेवावे आणि नळीचे तोंड लक्ष्यामागील मातीच्या भिंतीकडेच राहू द्यावे. चाप ओढूनही गोळी सुटली नसेल, तर तोंड त्याच दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि धक्का जाणवलाच नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी स्लाइड मागेपुढे करून पुढची गोळी झाडणे अत्यंत धोकादायक असते. पिस्तूल रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत सराव थांबवावा.

आता इजेक्शनच्या खिडकीतून आत पाहावे. काडतुसाचे टोक फीड रॅम्पच्या तळाशी टेकून खाली झुकलेले असेल, तर संशय प्रथम मॅगझिनवर जातो: ते पूर्ण वर बसलेले नाही, त्यातील स्प्रिंग काडतूस वेळेवर उचलत नाही किंवा काडतुसांखालची पट्टी, म्हणजे फॉलोअर, तिरकी होत आहे. काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेले आहे, पण स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली आहे, असे दिसले तर चेंबरमधील घाण, स्लाइड ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या कोरड्या असणे किंवा मापात नसलेले काडतूस ही कारणे तपासावीत. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकली असेल, तर बिघाड भरण्याच्या नव्हे, बाहेर फेकण्याच्या टप्प्यावर आहे. स्लाइड पुरेशी मागे गेलेली नाही किंवा एक्स्ट्रॅक्टरची पकड सैल आहे. दोन काडतुसे एकाच वेळी चेंबरकडे रेटली गेली असतील, तर स्लाइड मागे ओढून अडकवावी, मॅगझिन ओढून काढावे, स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण मागेपुढे करून चेंबर मोकळे करावे आणि डोळ्यांनी व करंगळीने ते रिकामे असल्याची खात्री करावी. बाहेर काढलेले काडतूसही टाकून देण्यापूर्वी हातात फिरवून पाहावे. गोळीच्या टोकावरचा चपटा ठसा किंवा पुंगळीच्या अंगावरचा ताजा ओरखडा ते कशाला घासले, हे सांगून जातो. ठेचाळलेले किंवा गोळी आत दबलेले काडतूस पुन्हा भरू नये, कारण गोळी आत दबली की पुंगळीतला दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो.

यानंतरचे काम स्वच्छतेचे आहे. नवे पिस्तूल कारखान्यातून गंजरोधक तेलाच्या थरासह येते. हा थर साठवणुकीसाठी असतो, वापरासाठी नसतो. थंडीत तो घट्ट होऊन स्लाइडची गती मंदावतो. पिस्तूल रिकामे करावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, पुस्तिकेप्रमाणे पिस्तूल सुटे करावे आणि नळी, चेंबर, फीड रॅम्प व एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची खाच पुसून काढावी. स्लाइडच्या पट्ट्या आणि नळीचा जो भाग स्लाइडला घासून चकाकतो, तेथे तेलाचा एकेक थेंब पुरतो. चेंबर मात्र कोरडे ठेवावे आणि मॅगझिनच्या आत तेल मुळीच सोडू नये, कारण तेथे तेलावर धूळ व काजळी चिकटून फॉलोअर अडखळू लागतो.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ मॅगझिनला द्यावा, आणि नेमके तेच सर्वांत कमी दिले जाते. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला कायमच्या शाईने क्रमांक घालावा. वरच्या दोन्ही कडा सारख्या वळलेल्या आहेत का, त्यांना चीर किंवा पोचा नाही ना, हे उजेडात पाहावे. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअर बोथट काडीने तळापर्यंत दाबून हळूहळू सोडावा. तो मध्येच रेंगाळला, तर स्प्रिंग उलटी बसलेली असू शकते किंवा आत कचरा असू शकतो. नव्या मॅगझिनची स्प्रिंग ताठ असते आणि काठोकाठ भरल्यावर वरचे काडतूस स्लाइडला इतके घट्ट रेटते, की पहिलेच काडतूस अडते. एक काडतूस कमी भरून पाहावे. बिघाड नाहीसा झाला, तर पिस्तूल निर्दोष आहे.

काडतुसांची परीक्षा पूर्ण धातूच्या आवरणाची, गोल टोकाची, कारखान्यात बनलेली काडतुसे वापरून सुरू करावी. ९×१९ मिमीच्या पिस्तुलात ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) हलक्या सरावी काडतुसांनी नवी ताठ रिकॉइल स्प्रिंग कधी कधी पुरती दबत नाही. अशा वेळी त्याच पिस्तुलात १२४ ग्रेनची काडतुसे सुरळीत चालताना दिसतात. पोकळ टोकाच्या गोळ्यांचा आकार उतारावर वेगळ्या रीतीने घासतो, म्हणून त्यांची चाचणी स्वतंत्र घ्यावी. घरी पुन्हा भरलेली काडतुसे निदानाच्या काळात बाजूलाच ठेवलेली बरी. त्यांचा संशय असेल, तर सुट्या काढलेल्या नळीच्या चेंबरमध्ये काडतूस सोडून पाहावे: ते स्वतःच्या वजनाने टक्क करून बसले पाहिजे आणि नळी उलटी करताच सहज बाहेर पडले पाहिजे. ९×१९ मिमीच्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी असते, आणि ती साध्या व्हर्नियर कॅलिपरने मोजता येते. पॉइंट २२च्या काडतुसांना मात्र बाहेर आलेली कड असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर ते पुढे सरकत नाही. तेथे उपाय भरण्याच्या काळजीत आहे.

हाताबद्दल बोललेले अनेकांना रुचत नाही, तरी ते बोलावे लागते. स्लाइडला मागे जाण्यासाठी चौकट स्थिर लागते. मनगट सैल असेल, तर चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. लहान व हलक्या पिस्तुलांत हे अधिक घडते. अंगठा स्लाइडला घासत नाही ना, स्लाइड अडकवणाऱ्या खटक्यावर टेकत नाही ना, हेही पाहावे. पहिले काडतूस भरताना स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्यावी. हात धरून ती हळूच पुढे नेली, की स्प्रिंगचा जोर वाया जातो. शंका मिटवण्यासाठी तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि तीच काडतुसे एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हाती द्यावीत. पुंगळ्या कोठे पडतात, तेही पाहावे. त्या दूर आणि साधारण एकाच जागी न पडता पायाशी घरंगळत असतील, तर स्लाइड जोराने मागे जात नाही.

या काळात एक वही ठेवावी आणि प्रत्येक अडकण्यासमोर मॅगझिनचा क्रमांक, कितवे काडतूस, काडतुसाचा प्रकार, नेमबाज आणि अडकण्याची तऱ्हा लिहावी. चार-पाच नोंदींतच चित्र स्पष्ट होऊ लागते. सर्व बिघाड एकाच क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये असतील, तर तेच बदलावे. नेहमी शेवटचे काडतूस अडत असेल, तर त्याची स्प्रिंग पाहावी. मॅगझिन, काडतुसे व हात बदलूनही तेच घडत असेल, तर पिस्तुलाकडे वळावे. काही उत्पादक सुरुवातीच्या २०० ते ५०० फैरी भाग एकमेकांत बसण्यासाठी धरतात. तेवढ्यात तुरळक अडथळे हळूहळू कमी होत गेले, तर ते चालण्यासारखे आहे. वाढत गेले किंवा तसेच राहिले, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

फीड रॅम्प स्वतः पॉलिश करण्याचा सल्ला हौशी मंडळी फार सहज देतात. तो ऐकू नये. उताराचा कोन किंचित बदलला तरी काडतूस चुकीच्या ठिकाणी आदळते, पुंगळीच्या बुडाचा आधार कमी झाला तर ती फुटू शकते, आणि हमी जाते ती वेगळीच. एक्स्ट्रॅक्टर वाकवणे किंवा स्प्रिंगचे वेटोळे कापणे हेही त्याच जातीचे उद्योग आहेत. पिस्तूल उत्पादकाकडे किंवा परवानाधारक कारागिराकडे रिकामे करून, आपल्या भागातील वाहतुकीचे नियम पाळून द्यावे आणि सोबत सर्व मॅगझिने, वहीतील नोंदींची प्रत व काडतुसांच्या खोक्यावरील पूर्ण वर्णन द्यावे. परत आल्यावर चाचणी त्याच मॅगझिनांनी आणि त्याच काडतुसांनी घ्यावी. दुसऱ्या काडतुसांनी घेतली, तर दुरुस्ती झाली की काडतुसे बदलली म्हणून ते चालले, हे ठरवता येत नाही.