फिक्या चहाइतकं पातळ करा

पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, लेप असतो. तो सहसा सेरियम घातलेला यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, आणि नेहमीच्या पद्धतीत तो १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तासन्‌तास भाजावा लागतो. एवढी आग न पेटवताही चमकणारा पदार्थ बनतो, हे मुलांनी स्वतः पाहावं अशी माझी तळमळ. म्हणून बडोद्यात बी.एस्सी.च्या मुलांकडून मी दरवर्षी सायट्रिक ॲसिड आणि युरियापासून कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण (कार्बन डॉट्स) करून घेते.

सायट्रिक ॲसिड रावपुऱ्यात किराणा दुकानात मिळतं; ‘लिंबूना फूल’ म्हणून मागायचं. युरिया मात्र प्रयोगशाळेचाच घ्या. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, शिवाय तो शेतकऱ्याच्या वाट्याचा आहे.

दोन्ही ३-३ ग्रॅम, १० मिलि डिस्टिल्ड वॉटर, बीकर २५० मिलिचा. मी पहिल्यांदा ५० मिलिचा घेतला आणि फेस उतू जाऊन सगळं वाया गेलं. ७०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटं. शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबून बघा. अमोनियाचा उग्र वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, चष्मा लावा. हा मायक्रोवेव्ह पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

तळाशी काकवीसारखा काळपट लगदा उरतो. पूर्ण गार झाल्यावर १०० मिलि पाणी घालून गाळा. आता नोटा तपासायची जांभळी टॉर्च लावा. जवळजवळ काहीच दिसत नाही! इथेच मुलं हिरमुसतात. द्रावण इतकं गडद असतं की उजेड त्यातच जिरून जातो. पेलाभर पाण्यात थेंब-थेंब सोडा, हलवत राहा. रंग फिक्या चहावर आला की अंधारात अख्खा पेला हिरवट उजळतो. टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

द्रावण नुसतं वाळवलं तर कार्बनचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि चमक पुन्हा विझते. यावर कॉर्नफ्लोअर. चमचाभर पिठात द्रावण कालवून सावलीत वाळवा, खलात घोटा. स्टार्चमुळे कण सुटे राहतात. ही पूड पारदर्शक इपॉक्सीत मिसळून जांभळ्या एलईडीच्या टोकाला लावा. तीन पेन्सिल सेल, १०० ओहमचा रेझिस्टर, झालं.

घरच्या बल्बला हा लेप चालणार नाही, उष्णतेने फिका पडतो. तिथे टिकणाऱ्या ऑक्साइड फॉस्फरसाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांनी रुजवलेली ज्वलनपद्धत आहे: धातूंची नायट्रेटं आणि युरिया ५०० अंशांच्या भट्टीत ठेवले की मिश्रण आपोआप पेट घेतं, पाचेक मिनिटांत पूड तयार. ती मात्र फ्यूमहूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, शिक्षक शेजारी उभे असतानाच करायची.