मोठी एसयूव्ही सेकंडहँड घेताय? आधी ती थंड असताना बघा

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर एवढंच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचलात की पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर वाद घालू नका, उद्या सकाळी येतो म्हणा आणि निघा.

हे मी चुकून शिकले. मी गेले तेव्हा मालक म्हणाले, "आत्ताच पंपावर जाऊन आलो, टाकी भरून ठेवलीय तुमच्यासाठी." मला केवढं कौतुक वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला आणि पहिले तीन सेकंद इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली, मग बंद. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला होता. ऑइलचं प्रेशर चढलं की चेन ताणली जाते आणि आवाज थांबतो, म्हणून गरम गाडीत तो बहुतेक वेळा कानावर येतच नाही. माझ्या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. पार्ट तळहाताएवढा, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागला. त्या टाकीभर डिझेलची परतफेड मी मजुरीत केली.

गाडी कोणती ते सांगत नाही, पण तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, सात सीट, वजन सव्वादोन टन. 1,12,000 किलोमीटरला घेतली, आज काटा 1,90,000च्या पुढे आहे. पेशाने हिशेबनीस असल्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय, आणि त्या वहीतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे : गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. आठ वर्षांची गाडी नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळाली तरी टर्बो, इंजेक्टर, हेडलाइट नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात.

थंड इंजिन सुरू झालं की एकाने मागे उभं राहावं. इंजिन उशिरा पकडत असेल आणि पांढरा धूर येत असेल तर थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर बिघडलेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग इंजिन ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढा. पातळी कमी असली तर सगळेच बघतात, मी जास्त आहे का तेही बघते. डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी साधारण 600 अंशांना जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात चालावी लागते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरली तर हे जाळणं अर्धवट राहतं. त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि स्टिकला डिझेलचा वास, म्हणजे गाडी तशीच वापरलेली आहे. तुमचीही धाव रोज तेवढीच असणार असेल तर सरळ पेट्रोल घ्या. डिझेलच्या मायलेजचा फायदा एक फिल्टर खाऊन टाकतो.

आता एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगा. सगळ्या गाड्यांना नसतं. असेल तर टेप घेऊन जा. चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, गाडी बंद ठेवा, दोन तासांनी पुन्हा घ्या. रात्रभर ठेवता आली तर उत्तम. माझी गाडी रोज सकाळी मागून उजवीकडे तीन बोटं बसलेली असायची. सुरू केली की मिनिटभरात उठायची, म्हणून मी निवांत. रबराची बॅग घडीच्या जागी चिरली होती. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे बुडबुडे आले, एवढं सोपं निदान. पण बॅगेत हवा भरणारा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी असतो. माझा ती गळकी बॅग भरत सतत पळत राहिला आणि एके दिवशी जळाला, त्याला वीज देणारा स्विच, रिले, तोही गेला. मिस्त्री म्हणाला, "ताई, बॅगेने कॉम्प्रेसर नाही खाल्ला. तुम्ही तीन महिने बघत बसलात, त्याने खाल्ला." शेवटी दोन बॅगा (एकटी बदलायची नाही, जोडीने बदलायची), कॉम्प्रेसर आणि रिले. वहीतली पहिल्या वर्षाची सगळ्यात मोठी ओळ ती.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल विक्रेता "लाइफटाइम ऑइल आहे" म्हणाला की विचारा, कुणाच्या लाइफचं? झेडएफ ही जर्मन कंपनी असे गिअरबॉक्स बनवते आणि ती स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल नसेल तर ते काम तुमच्या खर्चात धरा. चालवताना ब्रेक दाबून डीमधून आरमध्ये टाका. गिअर उशिरा बसून धक्का आला तर ते चांगलं लक्षण नाही. मग साधारण 70च्या वेगात पाय स्थिर ठेवा. बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. कूलंटची बाटलीही उघडून बघा, पण इंजिन थंड असतानाच. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून फिरतं. तो आतून फुटला तर कूलंट दुधट, चिकट होतं. अशी गाडी फुकट दिली तरी मी घेणार नाही.

फोर बाय फोर लावून बघाच, कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या लो रेंजसकट. पण पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं चालवणारी सिस्टीम असेल तर कोरड्या डांबरावर वळवत बसू नका, आतले गिअर आवळले जातात. खडी किंवा मातीवर बघा. कायम चारही चाकं चालवणाऱ्या गाडीत चारही टायर सारखे हवेत. एक नवा आणि तीन झिजलेले असतील तर घेर वेगळे पडतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस विनाकारण तापतो. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष : 3219 म्हणजे 2019चा 32वा आठवडा. स्टेपनीचेही वाचा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्वस्तातला स्कॅनर लावा. एरर नसणं पुरेसं नाही, एरर पुसून किती किलोमीटर झाले तेही बघा. माझ्या गाडीत 14 होते. म्हणजे मला दाखवण्याच्या जरा आधीच पुसले होते, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

लिफ्टवर घेतली की लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, चेसिसचा गंज आणि डिफरन्शियलच्या सीलची गळती बघा. यातलं काहीतरी निघणारच. भाव पाडायला तेच कामाला येतं.

खर्चाचं गणित आधीच कागदावर मांडा. वर्षाला 15,000 किलोमीटर आणि लिटरमागे 9 धरलं तर 1,667 लिटर लागतात. माझी जुनी छोटी गाडी 18 द्यायची, म्हणजे त्याच्या निम्मे. इंजिन ऑइल तिला साडेतीन लिटर पुरायचं, हिला आठ लागतं. शिवाय दोन डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचं वेगळं. ब्रेकच्या डिस्क वजनामुळे लवकर झिजतात. पहिल्या वर्षी निव्वळ दुरुस्ती खरेदीच्या 23 टक्के निघाली, दुसऱ्या वर्षी 9. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, हातातल्या पैशाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं आणि फिल्टर बदलून घ्या, आणि रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा. काळा थेंब इंजिनचा, तांबडा गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंगचा, हिरवा किंवा गुलाबी पाणीदार डाग बहुधा कूलंटचा, आणि नुसतं पाणी एसीचं, ते सोडून द्या. माझ्या पुठ्ठ्यावर अजून एक तांबडा थेंब पडतो, पॉवर स्टिअरिंगच्या पाइपाचा. वहीत नोंद आहे, येत्या सर्व्हिसला बदलायचाय.