पालकांना एमवायपी समजावून सांगताना या चुका टाळा

गोव्यात मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेत चौथी झालेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं. घर त्या बदलाशी कसंबसं जुळवून घेत असतं, तोवर सहावी दारात उभी राहते. याच टप्प्यावर काही पालक आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या, मिडल इयर्स प्रोग्रामची, म्हणजे एमवायपीची, चौकशी करायला शाळेत येतात. पालकांना या कार्यक्रमाची ओळख करून देण्याचं काम मी करते. हा अभ्यासक्रम कठीण आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण पालक बिथरतात ते कठीणपणामुळे नव्हे. रोजचा अभ्यास नेमका कसा चालतो, गुण कसे पडतात, पुढे वाट कुठे जाते हे त्यांना कोणी धडपणे दाखवत नाही, म्हणून बिथरतात. हा लेख मुख्यतः शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी आहे. पालकांनीही वाचावा, म्हणजे शाळेत जाऊन काय विचारायचं ते कळेल.

पहिली चूक पहिल्याच बैठकीत होते. पडद्यावर स्लाइड सुरू होतात आणि ग्लोबल कॉन्टेक्स्ट, की कन्सेप्ट, एटीएल स्किल्स असे शब्द धडाधड येऊन आदळतात. समोर बसलेली आई मान डोलावते, कारण आपल्यालाच कळत नाही असं तिला वाटतं. मग घरी जाऊन सांगते, ‘‘शाळा चांगली दिसते, पण काय शिकवतात ते काही समजलं नाही.’’

आधी साधी माहिती द्या. आयबी ही १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था आहे आणि एमवायपी तिनं १९९४मध्ये आणला. तो ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आपल्याकडची सहावी ते दहावी. विषयांचे आठ गट : भाषा व साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित, कला, शारीरिक व आरोग्य शिक्षण आणि डिझाइन. प्रत्येक गटाला वर्षाकाठी किमान ५० तास अध्यापन मिळालं पाहिजे असा नियम आहे. चित्रकला आणि पीटी हे तास गणिताच्या शिक्षकांनी मागून घ्यायचे तास नाहीत, एवढं सांगितलं तरी पालकांना बरंच काही उमगतं.

त्यानंतर स्लाइड बंद करा आणि एका मुलाची वही टेबलावर ठेवा. अर्थात त्या मुलाची परवानगी घेऊन, नाव झाकून. सातवीतल्या विज्ञानाचा एक प्रयोग घ्या. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की भाताचं काय होतं, हा प्रश्न. विद्यार्थिनीनं पाच वाट्यांत कमी-जास्त मिठाचं पाणी घेतलं, प्रत्येकीत तेवढेच भाताचे दाणे घातले आणि रोज किती दाण्यांना मोड आले ते तक्त्यात लिहिलं. वहीत आधी तिचा अंदाज आहे, मग काय बदललं आणि काय तसंच ठेवलं याची यादी, मग आलेख. शेवटी तिनं लिहिलंय की दोन वाट्या खिडकीजवळ राहिल्या, त्यांना ऊन जास्त मिळालं, म्हणून त्यांच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. समासात शिक्षिकेनं लिहिलंय : ‘‘हे तुझ्या लक्षात आलं हे फार चांगलं. पुढच्या वेळी टाळणार कसं?’’

हे पान पाहिल्यावर पालक बोलू लागतात. दिवाडीच्या किंवा चोडणच्या बाजूचा कोणी असेल तर मानस (बांधातलं पाण्याचं दार) कधी उघडायची, कधी बंद करायची हे तोच तुम्हाला सांगेल. आणि विज्ञानात चौकशी करून आखणी करणं म्हणजे काय हे समजावायला वेगळी स्लाइड लागणार नाही.

टक्क्यांचं गणित

सगळ्यात जास्त घोळ गुणांवरून होतो, म्हणून इथे जरा थांबते.

समजा, आठवीतल्या मुलीला विज्ञानात चार निकषांवर असे गुण पडले : ज्ञान व आकलन ६, चौकशी व आखणी ४, माहितीवर प्रक्रिया व मूल्यमापन ५, विज्ञानाच्या परिणामांचा विचार ३. प्रत्येक निकष ८ पैकी. बेरीज ३२ पैकी १८. आयबीच्या कोष्टकात १५ ते १८ म्हणजे ७ पैकी ४ ही श्रेणी. प्रगतिपत्रक घरी जातं, वडील मोबाइलवर भागाकार करतात, ५६ टक्के येतात आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. आतापर्यंत ८५च्या खाली न आलेली मुलगी! दुसऱ्या दिवशी फोन येतो : ‘‘टीचर, हे सगळं राहू दे, पोर पास की नापास तेवढं सांगा.’’

या प्रश्नाला ‘‘आम्ही टक्के मानत नाही’’ हे उत्तर देऊ नका. ते खरं असलं तरी उद्धट वाटतं आणि समोरच्याची काळजी तशीच राहते. आधी सांगा की ४ म्हणजे नापासाच्या जवळपासही नाही. आयबीच्या वर्णनात ४ म्हणजे चांगल्या दर्जाचं काम, बहुतेक संकल्पनांची मूलभूत समज आणि किरकोळ उणिवा. बेरीज १९ झाली असती तर ५ मिळाले असते. मग चार आकडे एकेक करून वाचून दाखवा. विषय तिला कळलाय, ६ आहेत. आलेख आणि निष्कर्ष ठीक. प्रयोगाची आखणी करताना घाई करते. आणि या शोधाचा माणसांच्या जगण्यावर काय परिणाम होतो असं विचारलं की दोन ओळींत गुंडाळते, तिथे ३. आता आईला कळतं की रात्री जेवताना मुलीशी कशावर बोलायचं. ५६ टक्क्यांतून हे तिला कधीच कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. ही वर्षभरातल्या चाचण्यांची सरासरी नसते. प्रत्येक निकष वर्षातून किमान दोनदा तपासला जातो आणि मूल आज कुठे पोचलंय ते सगळं काम समोर ठेवून शिक्षक ठरवतात. जूनमधली धडपड मार्चमध्ये त्याला मागे खेचत नाही.

शेवटी चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, विचार करा. मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता काका विचारतो, ‘‘किती टक्के पडले गं?’’ पोर गप्प होते आणि आईचा चेहरा पडतो. पालकांना त्या क्षणासाठी एक वाक्य हाताशी द्या : ‘‘सातपैकी चार, आणि विषय समजण्यात आठपैकी सहा.’’ क्षुल्लक वाटेल, पण कुटुंबाचा कार्यक्रमावरचा विश्वास अशाच ठिकाणी डळमळतो.

पुस्तक कुठलं?

हा प्रश्न हमखास येतो. एमवायपी ही चौकट आहे, ठरावीक पाठ्यपुस्तक नाही, धड्यांची आखणी शाळा करते, हे उत्तर बरोबर आहे. पण ज्या बापाला रात्री मुलाजवळ बसून गणित सोडवायचंय त्याच्या ते काही कामाचं नाही. एका कागदावर महिन्यावार विषय लिहा आणि शेजारच्या रकान्यात एनसीईआरटीच्या त्याच इयत्तेच्या पुस्तकातला जुळणारा धडा. जिथे जुळत नाही तिथे ‘इथे क्रम वेगळा’ असं स्पष्ट लिहा. शिक्षकांची एक दुपार जाते, पण त्यावर पालकांचं वर्ष निभावतं.

याच्याच जोडीला दिसणारी चूक म्हणजे गोवा बोर्डाला नावं ठेवणं. ‘‘तिकडे नुसती घोकंपट्टी, इकडे खरं शिक्षण,’’ असं म्हणणारे शिक्षक मी ऐकलेत. समोर बसलेले आईवडील त्याच बोर्डातून शिकून उभे राहिले आहेत, थोरली मुलगी कदाचित आत्ता त्याच बोर्डात दहावीला आहे. त्यांचा अपमान करून तुम्ही काही मिळवत नाही. शिवाय यातली काही मुलं पुढे परत बोर्डाच्या शाळेत जातील. परतायचं असेल तर आठवी संपताना परतणं बरं, कारण दहावीची तयारी नववीतच सुरू होते. ही वाट पालकांना आधीच दाखवा. दार उघडं आहे हे माहीत असलेलं कुटुंब उगाच पळत नाही.

दहावीनंतरचा प्रश्न मात्र पुढे ढकलूच नका. एमवायपीच्या शेवटच्या वर्षाची ई-असेसमेंट, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ऐच्छिक आहे. आयबीचं एमवायपी प्रमाणपत्र ती दिल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी ५६ पैकी किमान २८ गुण लागतात, मुलानं स्वतः करायचा पर्सनल प्रोजेक्ट पुरा करावा लागतो आणि शाळेच्या सेवाकार्याच्या अपेक्षा पूर्ण कराव्या लागतात. परीक्षा न देता बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात शाळेचा दाखला आणि प्रगतिपत्रकं असतात, आयबीचं प्रमाणपत्र नसतं. हे दहावीच्या सहामाहीनंतर कळणं म्हणजे कुटुंबाची फसवणूकच आहे, मग ती जाणूनबुजून केलेली असो वा नसो. शाळा ही परीक्षा घेते का, कोणासाठी, किती शुल्कात, आणि भारतात अकरावीच्या प्रवेशासाठी समकक्षतेची कागदपत्रं कोणती, हे सहावीच्या प्रवेशाआधी लेखी द्या. पालकांनो, लेखी मिळत नसेल तर प्रवेश घेऊ नका.

फीबद्दलही ताकाला जाऊन भांडं लपवू नका. वार्षिक फी, लॅपटॉप, सहली, परीक्षा शुल्क, दरवर्षीची वाढ हे सगळं एका कागदावर द्या.

भाषा आणि वेळ

बैठक शुक्रवारी सकाळी ठेवली तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुकान असणारा पालक येणार नाही. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याला आठवड्यातल्या कुठल्याच ठरावीक दिवसाची खात्री देता येत नाही. रात्री उशिरा ठेवली तर सत्तरी तालुक्यात परत जायला बस कुठून मिळणार? एकच बैठक दोन वेगवेगळ्या वेळी घ्या. आणि आजी-आजोबांना आवर्जून बोलवा, कारण दुपारी मूल शाळेतून येतं ते त्यांच्यापाशी.

बैठक मराठी-कोकणीतून घ्या. घरी नेण्याचा कागदही मराठीतून हवा. ‘‘घरात इंग्रजीच बोला, म्हणजे मुलाला सोपं जाईल,’’ हा सल्ला अनेक शाळा देतात आणि तो मला साफ चुकीचा वाटतो. मातृभाषा जपा हा आयबीचाच आग्रह आहे, शाळेचं भाषा धोरण त्यासाठीच लिहायला लावतात. ज्या मुलाला एखादी गोष्ट मराठीत नीट समजावून सांगता येते त्याला ती इंग्रजीत मांडायला फक्त शब्द शोधावे लागतात. खाजनावरच्या त्या प्रयोगासाठी मुलीनं आजोबांना विचारलं असेल की पूर्वी बांध कोण राखायचं, तर ते संभाषण इंग्रजीत कसं होणार?

घरातून होणारी चूक म्हणजे मुलाचं काम स्वतः करून टाकणं. थर्माकोलचं मॉडेल बाबा करतात, अहवाल ट्यूशनचे सर लिहून देतात. प्रेमापोटीच होतं हे, त्यामुळे रागावून उपयोग नाही. पण दहावीच्या पर्सनल प्रोजेक्टमध्ये मुलानं साधारण २५ तास स्वतः काम करायचं असतं, आणि तपासलं जातं ते नियोजन, कौशल्यांचा वापर आणि स्वतःच्या कामाकडे मागे वळून पाहणं. तयार वस्तू कितीही सुबक असली तरी तिच्या सुबकपणाला गुण नाहीत. सहावीपासूनच घरच्यांना त्यांचं काम नेमून द्या : प्रश्न विचारा, सामान आणून द्या, मुलाखतीला माणूस गाठून द्या, वेळ संपली की आठवण करा. लिहिणं, कापणं, चिकटवणं मुलाचं.

निव्वळ पालकांसाठी एक सूचना. शाळेच्या फलकावर ‘इंटरनॅशनल’ लिहिलंय म्हणजे तिथे आयबी आहे असं नाही. आयबीनं अधिकृत मान्यता दिलेली शाळाच एमवायपी चालवू शकते. ‘कँडिडेट’ शाळा म्हणजे मान्यतेच्या वाटेवर असलेली; मान्यता मिळेलच याची ती हमी नव्हे. आयबीच्या संकेतस्थळावर शाळांची यादी आहे, तिथे शाळेचं नाव आणि त्यापुढे कुठला कार्यक्रम लिहिलाय ते स्वतः पाहा. प्राथमिकची मान्यता असलेल्या शाळेकडे एमवायपीची असेलच असं नाही.

आणि सहकाऱ्यांनो, पहिलं प्रगतिपत्रक घरी पाठवायच्या आधी प्रत्येक नव्या कुटुंबाला दहा मिनिटांचा फोन करा. मुलाचा सगळ्यात कमी आकडा कुठल्या निकषात आहे आणि त्यासाठी वर्गात काय चाललंय, तेवढं त्यांच्या भाषेत सांगा. त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून घरी परतणाऱ्या वडिलांनाही फोन लागेल अशी वेळ निवडा.