व्याख्यानाआधी चित्र पाहून घ्यावे
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांवर एखाद्या अभ्यासकाचे व्याख्यान असेल, तर थेट सभागृह गाठण्याऐवजी तासभर आधी जाऊन लघुचित्रांच्या दालनात एकाच चित्रापुढे थांबावे. दालने सायंकाळी सहाला बंद होतात, म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी हे विशेष लक्षात ठेवावे. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली पापणी, सोन्याचा वर्ख, हाशियाची (चित्राभोवतीच्या किनारीची) रुंदी हे नीट न्याहाळून मनात उठलेला एक नेमका प्रश्न टिपून ठेवावा. ‘या चित्राचा अर्थ काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘हा हिरवा रंग कशापासून केला?’ असे विचारल्यास वक्ते मनापासून खुलतात, आणि माझ्या मते व्याख्यानाचा सर्वांत मोलाचा भाग तिथेच हाती लागतो.